अ‍ॅमेझॉनचं जंगल एवढं श्रीमंत, मग तिथला माणूस गरीब कसा?

बांधावरचा मास्तर (कुरखेडा) | २० जानेवारी, रात्री ९:१०

राम राम मंडळी. मी कुरखेड्याकडच्या एका आश्रमशाळेत भूगोल शिकवतो. दहावीच्या भूगोलात भारत आणि ब्राझील अशी जोडी आहे, हे पालकांना ठाऊक असेलच. सध्या उजळणी चालू आहे. अ‍ॅमेझॉनचं खोरं घेतलं: विषुववृत्त, बारमाही पाऊस, सदाहरित वनं, रबर. फळा भरला. मागच्या बाकावरच्या पोरीनं विचारलं, "सर, लाकूड त्याईचं, रबर त्याईचं, सोनं बी त्याईच्याच नदीत. मंग ते लोकं गरीब काहून?"

पुस्तकी उत्तर तयार आहे. जंगल घनदाट, हवा रोगट, रस्ते नाहीत, म्हणून विकास नाही. पण हे सांगायला जीभ रेटेना, कारण आमच्या जिल्ह्याबद्दलही बाहेरची माणसं नेमकं हेच बोलतात आणि ते त्या पोरीनंही ऐकलेलं आहे.

इथे शेतीवाले आहेत, वनखात्यातले आहेत, जुनी कागदपत्रं चाळणारे आहेत. दहावीच्या पोरांना कळेल असं लिहा. भांडा, पण विषयावर भांडा.

ठेचा-भाकर (दर्यापूर) | रात्री ९:२२

मास्तर, त्याईचं जंगल म्हंजे जगाचं फुप्फुस म्हणतेत, आन् आपलं जंगल बिडीचं पान पुरवते. हिशोब बरोबर झाला न बाप्पा.

जुनं बाड (अमरावती) | रात्री ९:३१

रबरासाठी जागा राखून ठेवतो. जेवून येतो.

काळी माती (अकोला) | रात्री १०:०५

मातीपासून सुरू करतो, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे. एवढं हिरवं दिसलं की खाली जमीन सुपीकच असणार असं आपण धरून चालतो. अ‍ॅमेझॉनमध्ये बहुतेक ठिकाणी उलटं आहे. पुराचा गाळ बसतो ते काठ सोडले, तर बाकी जमीन फार जुनी, लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन निघालेली आणि आम्लधर्मी आहे. चुना आणि पालाश खाली झिरपून गेलं. उरलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, ते थोडंफार असलेलं स्फुरदही आवळून धरतात.

मग जंगल उभं कशावर? खत जमिनीत नाही, झाडांच्याच अंगात आहे. पान पडलं की त्या दमट उष्म्यात बुरशी ते भराभर कुजवते. मुळं वरच्या वीतभर थरातच पसरलेली असतात, ती बुरशीच्या धाग्यांतून सगळं परत ओढून घेतात. थोडी भर आकाशातूनही पडते. आफ्रिकेतल्या चाड देशात बोदेले नावाचा कोरडा खोलगट भाग आहे, तिथली धूळ अटलांटिक ओलांडून इथे येते. उपग्रहाच्या नोंदींवरून २०१५ साली काढलेल्या अंदाजानुसार या धुळीतून वर्षाला सुमारे २२ हजार टन स्फुरद मिळतं. पाऊस आणि पूर जवळपास तेवढंच वाहून नेतात.

आता हे जंगल तोडून जाळलं तर राखेवर दोन-तीन पिकं झकास येतात. पुढे राख धुपते, पीक बसतं, माणूस गुरं सोडतो आणि पुढचा तुकडा जाळायला जातो. आपल्या बेसॉल्टच्या काळ्या जमिनीचा हिशोब तिथे लावला की फसगत ठरलेली.

मात्र त्याच जंगलात मधूनमधून काळ्याभोर मातीचे पट्टे सापडतात, काही ठिकाणी मीटरभर खोल. 'टेरा प्रेटा' म्हणतात. त्यात कोळसा, माशांची हाडं, खापरं. ती माती निसर्गानं नाही, माणसांनी केली आहे, आणि तिचे बरेच पट्टे हजार-दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत.

ठेचा-भाकर | रात्री १०:११

सायेब, खापरं, हाडं, राख... म्हंजे उकिरडाच न?

काळी माती | रात्री १०:१९

उकिरडाच, पण कोळसा घातलेला. नुसतं शेणखत त्या उष्म्यात बघता बघता संपतं. कोळसा शतकानुशतकं टिकतो आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतो. तुमच्या उकिरड्यात प्लास्टिक असतं, म्हणून त्याची गणना नाही.

नभांगण (नागपूर) | रात्री १०:४०

फुप्फुसाचं एकदा मिटवू. ते जंगल जेवढा प्राणवायू तयार करतं, जवळपास तेवढा तिथलीच झाडं, बुरशी आणि जिवाणू वापरून टाकतात. आपल्या वाट्याला म्हणावा असा काही येत नाही. ते जंगल मोलाचं आहे ते त्यात साठलेल्या कार्बनसाठी आणि पाण्यासाठी.

पाण्याचं बघा. अटलांटिकवरून आलेली वाफ पूर्वेकडे पाऊस होऊन पडते. झाडं तेच पाणी उपसून पानांवाटे पुन्हा हवेत सोडतात, वारा ते आणखी पश्चिमेला नेतो, पुन्हा पाऊस. असं करत करत ते अँडीजच्या भिंतीला धडकतं आणि दक्षिणेकडे वळतं. अख्ख्या जंगलाची झाडं मिळून दिवसाला सुमारे २,००० कोटी टन पाणी हवेत सोडतात असा तिथल्या शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. अ‍ॅमेझॉन नदी दिवसाला समुद्रात ओतते त्याहून हे जास्त. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या शेतीचा बराच पाऊस या वाटेनं येतो. म्हणजे जंगल तोडून सोयाबीन लावणारा स्वतःच्याच विहिरीत दगड टाकतो आहे.

जुनं बाड | रात्री ११:५०

घ्या रबर. लांबलंय, आधीच सांगतो.

रबराचं झाड मूळचं तिथलंच. पण ते आपल्या सागाच्या लागवडीसारखं रांगेत उभं नसतं, हेक्टरमागे मोजकीच झाडं, तीही विखुरलेली. १८३९ साली अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला रबर गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली, त्यामुळे रबर उन्हात वितळेना की थंडीत तडकेना. १८८८ मध्ये डनलॉपची हवेची धाव, म्हणजे टायर, आली, पाठोपाठ सायकली, मग मोटारी. साऱ्या जगाला रबर हवं, आणि उत्तम रबर होतं ते एकट्या अ‍ॅमेझॉनमध्ये.

चीक काढणाऱ्याला तिथे सेरिंगेइरो म्हणतात. यातले पुष्कळजण ईशान्य ब्राझीलच्या दुष्काळातून आलेले, १८७७ च्या भीषण दुष्काळानंतर तर लोंढेच आले. त्याचा दिवस असा: उजाडायच्या आधी कपाळाला दिवा बांधून निघायचं. शंभर-दीडशे झाडांना जोडणारी वळणावळणाची पायवाट, ती त्याच्या नावची. प्रत्येक झाडाला तिरका चरा द्यायचा, फार खोल गेला तर झाड मरतं. खाली पत्र्याची वाटी अडकवायची. तीच वाट पुन्हा फिरून वाट्या रिकाम्या करायच्या. मग झोपडीत ताडाच्या बियांचा धूर करून, त्या धुरात काठी फिरवत तिच्यावर चीक ओतत राहायचं. थरावर थर चढून मोठा गोळा होतो. धूर डोळ्यांत आणि छातीत.

आता हिशोब. बेलेम आणि मनौस या तिथल्या शहरांतल्या व्यापाऱ्यांनी रबराच्या रानाच्या मालकाला उधार द्यायचं, मालकानं सेरिंगेइरोला. सुरी, बंदूक, मीठ, कसाव्याचं पीठ, येतानाचं बोटीचं भाडंसुद्धा खात्यावर. वस्तूची किंमत मालक ठरवणार, गोळ्याचा भावही मालकच ठरवणार. दुसऱ्याला गोळा विकायला बंदी. पुष्कळ ठिकाणी पोटापुरती शेती करायलाही मनाई, नाहीतर दुकान चालणार कसं? या पद्धतीचं नाव आव्हियामेंतो. माणूस वर्षभर राबून वर्षाखेर आणखी कर्जात.

आणि त्याच काळात मनौसमध्ये विजेचे दिवे, ट्राम, आणि ३१ डिसेंबर १८९६ ला उघडलेलं नाट्यगृह. संगमरवर इटलीचा, लोखंड ब्रिटनचं. भर जंगलात ऑपेरा.

मास्तर, तुमच्या पोरीला सांगा: पैसा आला होता, भरपूर आला होता. तो पायवाटेपर्यंत पोचला नाही.

शेवट कसा झाला? १८७६ मध्ये हेन्री विकहॅम नावाच्या इंग्रजानं तापाजोस नदीच्या काठावरून सुमारे ७० हजार बिया लंडनच्या क्यू उद्यानात नेल्या. तीन हजारसुद्धा उगवल्या नाहीत. पण ती रोपं सिलोन आणि मलायाला गेली, तिथे रांगेनं बागा झाल्या. १९१० ला भाव शिखरावर, आणि त्यानंतर तीन-चार वर्षांतच आशियाच्या बागांचं रबर अ‍ॅमेझॉनच्या पुढे गेलं. मनौसचे व्यापारी बुडाले, सेरिंगेइरो तिथेच राहिला.

पऱ्हाटी (खामगाव) | २१ जानेवारी, सकाळी ७:१५

बाडभौ, मनौस वाचून आमचं खामगाव आठवलं. १८६१ ते ६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस थांबला आन् लँकेशायरच्या गिरण्याईले वऱ्हाड दिसलं. भाव आकाशाले भिडले. १८६७ ले रेल्वे नागपूरले पोचली, १८७० ले खामगावले फाटा आला. गिरणी गावात, भाव लिव्हरपूलमंदी, आन् कास्तकार सावकाराच्या वहीत. लढाई सरली, भाव पडला, वही तशीच राह्यली. हे तं सेम टू सेम हाय.

जुनं बाड | सकाळी ८:०२

सेम नाही, पऱ्हाटीभाऊ. वऱ्हाडात रयतवारी होती, शेतकरी सातबाऱ्याचा धनी होता. सेरिंगेइरोकडे जमीन नव्हती, फक्त वाटेचा हक्क, तोही मालकाच्या मर्जीवर.

पऱ्हाटी | सकाळी ८:१०

जमीन होती म्हणूनच तं गहाण पडली न! त्याच्यापाशी काहीच नव्हतं, मंग त्याचं घेतलं काय?

जुनं बाड | सकाळी ८:३४

त्याचा देह घेतला. कोलंबिया-पेरूच्या सीमेवर पुतुमायो नदी आहे. तिथे हुलिओ सेझार अरानाची कंपनी होती, लंडनमध्ये नोंदलेली, संचालक मंडळावर इंग्रज साहेब. उइतोतो, बोरा वगैरे आदिवासींना पकडून आणायचे, रबराचं वजन कमी भरलं तर फटके, खोडे, उपासमार, गोळी. ब्रिटिश सरकारनं १९१० मध्ये रॉजर केसमेंटला चौकशीला पाठवलं आणि त्याचा अहवाल १९१२ मध्ये छापला. मन घट्ट करून वाचावा असा आहे. अरानाला शिक्षा झाली नाही, पुढे तो पेरूत सिनेटर झाला.

हे दहावीच्या पोरांना कितपत सांगायचं ते मास्तरांनी ठरवावं.

हिरवा चाफा (वरुड) | सकाळी ९:२०

भाबडा प्रश्न. झाड त्यांचंच होतं, मग त्यांनीच रांगेनं बागा का नाही लावल्या?

काळी माती | सकाळी १०:०५

लावल्या, जमल्या नाहीत. त्या झाडाच्या पानावर करपा आणणारी एक बुरशी आहे, तीही तिथलीच. रानात झाडं लांब लांब असतात म्हणून रोग पसरत नाही. रांगेत लावली, पानाला पान टेकलं, की अख्खी बाग साफ. आशियात बी गेलं, बुरशी मागे राहिली. आजही आशियातल्या रबरवाल्या देशांना तिची धास्ती आहे.

हेन्री फोर्डनं १९२८ मध्ये तापाजोसच्या काठी फोर्डलँडिया नावाचं गावच वसवलं. अमेरिकी धाटणीची घरं, पाण्याची टाकी, दवाखाना. रबराचं झाड ओळखणारा जाणकार मात्र सुरुवातीला नेला नाही. करप्यानं बाग गेली, मग जरा खाली बेल्तेर्राला दुसरी लावली. १९४५ मध्ये सगळं ब्राझील सरकारला विकून मोकळे झाले.

ठेचा-भाकर | सकाळी १०:२२

त्या फोर्डच्या गावात मेसवरून राडा झाला होता म्हणे?

जुनं बाड | सकाळी १०:४०

झाला होता, डिसेंबर १९३० मध्ये. आधी वाढपी असायचे. कंपनीनं नियम काढला की मजुरांनी ताट घेऊन रांगेत उभं राहायचं. जेवण अमेरिकी पद्धतीचं, पगारातून कापलं जाणारं. उन्हातून आलेली माणसं भडकली, जेवणघर फोडलं, घड्याळं फोडली, साहेब लोक बोटीत बसून नदीत पळाले.

ठेचा-भाकर | सकाळी १०:४३

पंगतीले बुफे केला की हेच होते. आमच्याकडं लग्नात बी झालतं.

तेंदूफळी (धानोरा) | २१ जानेवारी, रात्री ८:५५

दिवसभर ग्रामसभेच्या कामात होते, आता सगळं वाचलं. बाड काकांनी दुकानाच्या वहीचं लिहिलं ते वाचून हसूही आलं आणि रागही आला.

आमच्याकडे तेंदूचा ७० पानांचा एक पुडा. मे महिन्यात पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पान घेऊन घरी. मग म्हातारीपासून लेकरापर्यंत सगळे पान लावायला बसतात. आकारानं सारखी पानं एकावर एक, उलटसुलट, सालीच्या दोरीनं बांधायची. संध्याकाळी फळीवर, म्हणजे ठेकेदाराच्या पान-खरेदीच्या जागी. माझ्या आईच्या वेळी फळीवरचा मुंशी शंभर पुड्यांमागे चार-पाच पुडे "फाटके" म्हणून बाजूला टाकायचा. त्यांचे पैसे नाहीत. रात्री ते बाजूचे पुडेसुद्धा बोदातच, म्हणजे ठेकेदाराच्या पोत्यातच, भरले जायचे. आई वाचू शकत नव्हती, पण पुडे मोजता येत होते तिला. बोलायची सोय नव्हती, कारण दुसरी फळी नव्हती.

आता वनहक्क कायदा आणि पेसा (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा) यांमुळे जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा पान स्वतः लिलावानं विकतात. आमच्याच तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर सामूहिक वनहक्क मिळाला. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू गावाबाहेर नेता येत नव्हता, कारण वाहतूक परवाना वनखात्याच्या हातात. ते परवाना पुस्तक ग्रामसभेला मिळालं एप्रिल २०११ मध्ये, केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले तेव्हा. जंगल कोणाचं, याचं उत्तर मी तरी सातबाऱ्यात शोधत नाही. परवान्यावर सही कोणाची, ते बघते.

आणि रबरवाल्यांची गोष्ट १९१२ ला संपली नाही. आक्रे राज्यातल्या शापुरी गावचे शिको मेंदेस स्वतः चीक काढणारे, पुढे त्यांच्या संघटनेचे पुढारी. जंगल तोडायला माणसं आली की बायका-पोरांसकट जाऊन करवतीसमोर उभं राहायचं, असं त्यांचं आंदोलन. २२ डिसेंबर १९८८ ला त्यांच्याच घराच्या दारात गोळी घालून मारलं. एका गोठेमालकाला आणि त्याच्या मुलाला शिक्षा झाली. १९९० पासून सरकारनं राखीव क्षेत्रं काढली, जिथे जमीन सरकारची पण चीक, बिया, फळं काढायचा हक्क तिथल्या लोकांचा. शिको मेंदेसांच्या नावाचं क्षेत्र साडेनऊ लाख हेक्टरच्या वर आहे. मास्तर, पोरीला हे सांगा.

रानवाट (चिखलदरा) | रात्री ९:१५

ताई, कडक. वाचनखूण साठवली.

कूप क्र. ७ (आलापल्ली, सेवानिवृत्त) | रात्री १०:३०

वनखात्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मी बोललो की खातं बोललं असं धरू नये.

तेंदूफळी ताई, परवाना हातात आला म्हणजे भाव हातात आला असं नाही. तोडलेलं पान तुमच्या म्हणण्यासाठी थांबत नाही. अवकाळी ढग आले की ठेकेदार फोन उचलत नाही, आणि उचलला की भाव पाडून मागतो. आमच्या भागात एका ठेकेदारानं काही ग्रामसभांची रक्कम दोन हंगाम अडकवली. तेव्हा सही ग्रामसभेचीच होती. गोदाम आणि खेळतं भांडवल नसेल तर नुसत्या सहीनं भागत नाही.

तिकडेही तेच. शिको मेंदेसांच्या त्या राखीव क्षेत्रात आज गुरं शिरली आहेत, आणि बाहेरच्यांचीच नाहीत, चीक काढणाऱ्यांच्या पोरांचीही. रबराला भाव नाही, वासराला आहे. पोर काय करणार?

दुसरं, दोन्ही जंगलांना एका मापानं मोजू नका. आपलं पानझडीचं. एप्रिल-मेमध्ये आग फिरली तरी साग, तेंदू, पळस खालून पुन्हा फुटतात. साल जाड आहे, सवय आहे. तिथली बहुतेक झाडं पातळ सालीची, त्यांना आग माहीतच नाही. जमिनीवरून घोटाभर ज्वाळा गेली तरी मोठी झाडं पुढच्या काही वर्षांत उभ्या उभ्या मरतात, ऊन खाली येतं, गवत येतं आणि पुढची आग आणखी मोठी लागते. आपल्याकडे तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणारे "काही होत नाही" म्हणतात. तिथे होतं. आणि आपल्याकडेही नवीन रोपं जातातच.

तेंदूफळी | रात्री १०:४८

काका, रक्कम अडकली हे खरं. पण आधी ती किती आहे हेच कळत नव्हतं. आता वही आमच्याकडे आहे, म्हणून अडकली हे कळतं तरी. पुढच्या लिलावात त्या माणसाला आम्ही दारात उभं केलं नाही. आगीचं मात्र पटलं. आमची ग्रामसभा आग लावू देत नाही, खुटकटाई करते, म्हणजे नवं पान फुटावं म्हणून तेंदूची झुडपं छाटते.

कूप क्र. ७ | रात्री १०:५५

खुटकटाई केली तर पान आगीपेक्षा चांगलं येतं. हे मी ओरडून सांगत होतो तेव्हा कोणी ऐकलं नाही!

गवळाऊ (आर्वी) | २२ जानेवारी, सकाळी ६:५०

गुरांचा विषय निघाला म्हणून. अ‍ॅमेझॉनचं जंगल तुटण्याचं सगळ्यात मोठं कारण कुरण आहे. आणि त्या कुरणावर कोण चरतं? नेलोर. पांढरीशुभ्र, वशिंडवाली. ती मूळची आपल्या आंध्रातली ओंगोल. एकोणिसाव्या शतकात तिकडे न्यायला सुरुवात झाली, १९६० च्या आसपास शेवटची मोठी खेप गेली. आज ब्राझीलमध्ये माणसांपेक्षा गुरं जास्त आहेत आणि मांसाच्या जनावरांत बहुतेक नेलोर किंवा तिचा संकर. ओंगोल आणि आमची गवळाऊ जवळच्या नात्यातल्या मानतात. म्हणजे तिकडे कोट्यवधी, आणि इथे शुद्ध गवळाऊ जोडी बघायला फिरावं लागतं.

गुरं तिथे नुसती मांसासाठी नाहीत. सरकारी जंगल जाळायचं, गवत टाकायचं, चार गुरं सोडायची, की "जमीन वापरात आहे" म्हणून पुढे कागद करून घेता येतो. जमीन विकून पैसा होतो, गुरं निमित्ताला.

ठेचा-भाकर | सकाळी ७:०५

म्हंजे त्याईचं जंगल आपल्याच पाहुण्यानं खाल्लं.

सोयाबीनची गंजी (वाशिम) | सकाळी ७:४०

आमचा भावही तोच देश पाडतो. ब्राझील सोयाबीनमध्ये जगात पहिला. तिकडे पीक बंपर आलं की इकडे वाशिमच्या मोंढ्यात तोंड बारीक. तर हे जंगल तोडूनच लावतात का?

नभांगण | सकाळी ८:३०

काही, पण बहुतांश नाही. मोठा हिस्सा सेराडो नावाच्या झुडपी माळरानावर आणि दक्षिणेत आहे. २००६ मध्ये मोठ्या खरेदीदारांनी नव्यानं तोडलेल्या अ‍ॅमेझॉनच्या जमिनीवरचं सोयाबीन घ्यायचं नाही असा करार केला, त्याचा बराच उपयोग झाला. सेराडोला तो लागू नव्हता, तिथे नांगर जोरात फिरला.

तोड वाढते-घटते ती धोरणानं. तिथली अवकाश संस्था १९८८ पासून उपग्रहावरून दर वर्षी मोजते. २००४ मध्ये एका वर्षात २७ हजार चौ. किमीच्या वर जंगल गेलं. पाळत, दंड आणि राखीव क्षेत्रं वाढवली, २०१२ मध्ये ते ५ हजारांच्या खाली आलं. २०२१ ला पुन्हा १३ हजार. २०२४ ला साडेसहा हजारांच्या आत. तुलनेला, गडचिरोली जिल्हा साधारण साडेचौदा हजार चौ. किमी आहे.

आणि "रस्ते नाहीत म्हणून गरिबी" हे तर तपासून बघण्यासारखं. १९७० मध्ये लष्करी सरकारनं ट्रान्स-अ‍ॅमेझॉन महामार्ग काढला. त्यानंतर जंगल सगळ्यात जास्त तुटलं ते रस्त्यांच्या दोन्ही अंगांनाच.

रानवाट | २२ जानेवारी, दुपारी ३:१५

मला मूळ प्रश्नातच एक गोष्ट खटकते. 'तिथला माणूस' म्हणजे कोण? सेरिंगेइरो बाहेरून आला, गोठेवाला बाहेरून आला. मूळचे लोक वेगळे. २०२२ च्या जनगणनेत ब्राझीलमध्ये आदिवासी सुमारे १७ लाख भरले, तीनशेहून जास्त समाज, त्यांतले अर्ध्याहून जास्त अ‍ॅमेझॉन भागात.

१५४१-४२ मध्ये ओरेयाना नावाचा स्पॅनिश सरदार अँडीजकडून निघून नदीनं थेट समुद्रापर्यंत गेला. त्याच्या सोबतच्या कार्वाहाल पाद्र्यानं काठाकाठानं मोठमोठी गावं लिहून ठेवली. पुढे कोणाला ती दिसली नाहीत, म्हणून लोक त्याला थापाड्या म्हणत राहिले. मधल्या काळात देवी, गोवर यांनी माणसं संपवली होती. आता विमानातून लेझरचे किरण सोडून झाडाखालची जमीन बघतात. बोलिव्हियात आणि इक्वेडोरच्या उपानो खोऱ्यात रस्ते, चौथरे, कालवे असलेल्या वस्त्या निघाल्या आहेत. वर काळ्या मातीचं आलंच आहे.

तिथल्या यानोमामी आदिवासींना गरीब म्हणायचं का? मासे, केळी, कसावा, शिकार होती. त्यांची ९६ लाख हेक्टर जमीन १९९२ मध्ये राखीव झाली. तरी हजारो सोनं काढणारे घुसले. सोनं धरायला पारा वापरतात, तो नदीत, तिथून माशात, तिथून पोरांच्या पोटात. खड्ड्यांतल्या पाण्यावर मलेरिया. जानेवारी २०२३ मध्ये सरकारला आरोग्य आणीबाणी जाहीर करावी लागली. ही गरिबी बोटीतून आणि विमानातून तिथे आणली गेली.

हिरवा चाफा | दुपारी ४:०२

कसावा म्हणजे आपला साबुदाणा ज्याचा होतो तेच कंद ना?

रानवाट | दुपारी ४:१०

तेच. अ‍ॅमेझॉनच्या नैर्ऋत्य कडेला माणसांनी लागवडीखाली आणलेलं. कडू जातीत सायनाइड असतं, म्हणून किसून, वेताच्या लांब पिशवीत पिळून, भाजून खातात. हे तंत्र त्या लोकांचं.

ठेचा-भाकर | दुपारी ४:१४

आता एकादशीले खिचडी खातानी कोनाचं नाव घ्याचं बाप्पा?

हिरवा चाफा | दुपारी ४:२०

खिचडीतला शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरचीसुद्धा तिकडच्याच. रताळंही.

पऱ्हाटी | दुपारी ४:३१

म्हंजे आपलं राह्यलं काय? भगर आन् उपास.

बांधावरचा मास्तर | २३ जानेवारी, रात्री ९:३०

मंडळी, दोन दिवस धान खरेदी केंद्रावर रांगेत होतो, म्हणून उशीर. सगळं वाचून काढलं.

पुस्तकातलं उत्तर बोर्डासाठी लिहायला सांगणार, मार्क जायला नकोत. पण वर्गात एक तक्ता करतो. एका बाजूला रबराचा गोळा: पायवाट, मालकाचं दुकान, मनौसचा व्यापारी, बोट, लिव्हरपूल. दुसऱ्या बाजूला तेंदूचा पुडा: जंगल, फळी, ठेकेदार, गोदाम, बिडी. कोणत्या टप्प्यावर भाव कोण ठरवतो, ते पोरंच भरतील. पुड्याची बाजू त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, अर्धी मुलं मे महिन्यात पान तोडतात. कूप काकांची गोदामाची अडचण आणि गुरांची गोष्टही घेतो, नाहीतर पोरांना वाटेल सही मिळाली की सुटलो. पुतुमायोचं थोडक्यात सांगेन.

तेंदूफळी ताई, एखाद्या शनिवारी ग्रामसभेची वही घेऊन शाळेत याल का?

तेंदूफळी | रात्री ९:५२

येते. पण लिलावाची बैठक होऊ द्या. वही एकटी नाही आणणार, आमच्या समितीतल्या दोघी सोबत येतील. वही त्यांच्या ताब्यात असते.

कूप क्र. ७ | रात्री १०:०५

मीही येतो. तोडलेल्या सागावर वनखातं मारतं तो हातोड्याचा छाप दाखवीन. पोरांनी तो पाहिला असेल, वाचायचा कसा ते कोणी सांगितलं नसेल.

वैनगंगा किनारा (पवनी) | ११ फेब्रुवारी, सकाळी ११:२०

धागा आता वाचला. थोडं अवांतर: आमच्या डॉक्टरांनी ब्राझील नट खायला सांगितलेत. ते याच जंगलातले का? आणि लागवड करता येते का, परसात जागा आहे.

काळी माती | दुपारी १२:०५

तिथलेच. परसाचा विचार सोडा, झाड ५० मीटरपर्यंत जातं. त्याच्या फुलाचं झाकण उघडायला दणकट रानमाशी लागते, ती जंगल असेल तरच टिकते. नारळाएवढं लाकडी फळ, दोन किलोपर्यंत वजन, आत वीसेक बिया. ते फोडतो अगुटी नावाचा सशाएवढा उंदरासारखा प्राणी. तो काही खातो, काही पुरतो आणि विसरतो, तिथे नवीन झाड. फळं पावसाळ्यात पडतात, तेव्हाच लोक गोळा करायला जातात, आणि वारा सुटला की झाडाखाली थांबत नाहीत. बागा लावून फारसं साधलेलं नाही, बाजारात येतो तो माल बहुतेक रानातलाच.

खाताना दिवसाला एक-दोन. सेलेनियम फार असतं, जास्त झालं तर केस गळतात. शेगाव तालुक्यात २०२५ च्या सुरुवातीला केस गळाले, तेव्हाही सेलेनियमचीच चर्चा झाली होती.

वैनगंगा किनारा | दुपारी १२:३०

केसांची काळजी नाही, ते २०१२ लाच गेले. किलोभर मागवतो.

काळी माती | दुपारी १२:३४

नखंही जातात हो. पाव किलो मागवा.